नाव कुठे लिहिले जाते? दुष्काळाची छायाचित्रे आणि संगणकातील वही (थ्रेड)

१८९९-१९०० च्या दुष्काळात हैदराबाद संस्थानातील ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ या पेढीने औरंगाबाद परिसरात भुकेने खंगलेल्या माणसांची छायाचित्रे टिपली. आजच्या जालना जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत होता. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून ही छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोहोचली. त्यांना शीर्षक आहे, स्थळ आहे, वर्ष आहे. माणसांची नावे तेवढी नाहीत. ‘कृशतेचे प्रकार’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली ती माणसे उभी आहेत.

पेढीची शिस्त मात्र चोख होती. क्रमांक आणि शीर्षक काचेच्या निगेटिव्हवरच लिहिले जाई. त्यामुळे ते प्रत्येक प्रतीवर आपोआप उमटे. नोंदवही हरवली तरी चित्र मुके होत नसे. छायाचित्रे सांभाळण्याचे सॉफ्टवेअर निवडताना हीच कसोटी लावावी: लिहिलेली माहिती चित्राच्या फाइलमध्ये जाते, की सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत?

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, गावे टँकरवर आली. या वेळी कॅमेरे गावकऱ्यांच्याच हाती होते. घरगुती संगणकांवर तेव्हा गूगलचे मोफत ‘पिकासा’ लोकप्रिय होते. त्यात लिहिलेली ओळ जेपीईजी फाइलमध्ये उतरत असे, हे त्याचे श्रेय. चेहऱ्यांना दिलेल्या नावांचे तसे नव्हते. फोल्डरमधील एका दडलेल्या फाइलीत चेहऱ्याची चौकट आणि एक सांकेतिक क्रमांक राही. त्या क्रमांकाचे नाव कोणते, हे दुसऱ्याच फाइलीत. नावे चित्रातच साठवण्याचा पर्याय पुढे आला, पण तो मुद्दाम निवडावा लागे. २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केले. संगणक बदलताना ती दुसरी फाइल मागे राहिली, तर हाती उरतो तो चौकटीतला निनावी चेहरा. १९०० सालासारखाच.

पैसे मोजले म्हणजे हा धोका टळतो असेही नाही. ॲपलचे ‘ॲपर्चर’ २००५ मध्ये आले. २०१४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले. २००७ पासूनचे ‘लाइटरूम’ संपादनात सरस आहे. मूळ चित्राला धक्का न लावता ते बदल कॅटलॉगमध्ये नोंदवते. पण तीही वहीच. माहिती फाइलमध्ये उतरवण्याचा पर्याय त्यात आहे, तो वापरकर्त्याने स्वतः सुरू करायचा. एखाद्या कुटुंबाच्या किंवा गावाच्या संग्रहासाठी ‘डिजिकॅम’ अधिक योग्य वाटते: मोफत, मुक्त स्रोत, चेहरे ओळखणारे आणि मजकूर फाइलमध्ये लिहू शकणारे. दिसायला थोडे रुक्ष आहे, इतकेच. ‘गिम्प’ डाग काढायला उत्तम. मात्र हजारो चित्रांची मांडणी हे त्याचे काम नव्हे.

देवनागरीचा प्रश्न वेगळा. छायाचित्रांतील मजकुराची जुनी आयपीटीसी पद्धत १९९० च्या दशकारंभीची. तीत देवनागरीची अक्षरे अनेकदा चौकोन होऊन येत. २००१ मध्ये अडोबीने आणलेली एक्सएमपी पद्धत युनिकोडवर आधारलेली आहे, म्हणून ‘जाफराबाद’ हे ‘जाफराबाद’च राहते. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठवले, तर त्यातील तारीख आणि स्थळ गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर टिकते.

स्कॅन केलेल्या जुन्या प्रतींचा घोटाळा निराळाच. १९७२ च्या दुष्काळातला फोटो आज स्कॅन केला की संगणक त्याला आजची तारीख देतो, आणि खडी फोडणारी आजी नातवाच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसते. तारीख हाताने दुरुस्त करून फाइलमध्ये लिहिता येते का, हे आधी पाहावे.

परीक्षा दहा मिनिटांची आहे. एका चित्रावर देवनागरीत नाव, गाव आणि साल लिहावे, तेवढी एकच फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. नाव दिसले तर कामाला लागावे. सुरुवात १९७२ च्या चित्रांपासून करावी. त्यांतली माणसे ओळखणारे आता थोडेच उरले आहेत.