मियाझाकींच्या घरी जाताना

मोठ्या माणसाच्या वाड्यात प्रथमच जायचे असले, की आपले पाय आपोआप दिंडी दरवाजाकडे वळतात. तिथे ढाली-तलवारी टांगलेल्या असतात, मानपत्रे लावलेली असतात. पाहुणा दबकून बसतो, चहा पितो आणि घरची माणसे कशी आहेत हे न कळताच परततो. माझे म्हणणे असे, की पहिल्या भेटीला परसदाराने जावे. तिथे आड असतो, दोरीवर कपडे वाळत असतात, एखादे पोर मातीत खेळत असते. ओळख व्हायची ती तिथेच होते.

हे सारे सुचण्याचे कारण हायाओ मियाझाकी नावाचे जपानी गृहस्थ. ते कार्टूनचे बोलपट काढतात. कार्टून म्हटल्यावर माझ्या वयाच्या मंडळींच्या भुवया वर जातात, माझ्याही गेल्या होत्या. १९४१ साली टोकियोत जन्मलेल्या या माणसाने १९७९ ते २०२३ या काळात बारा मोठे बोलपट काढले. २०१३ साली त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि काही वर्षांत पुन्हा कामाच्या टेबलाशी जाऊन बसले. निवृत्त पुरुषाला घरात फार दिवस कोणी ठेवून घेत नाही, हे जपानातही खरे असावे.

आता बारांतला पहिला कोणता पाहावा? बहुतेक जण ‘स्पिरिटेड अवे’चे नाव घेतात. त्याला २००२ साली बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाले, २००३ साली ऑस्कर मिळाले. पारितोषिक मिळालेल्या गोष्टीपासून सुरुवात करावी, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी खोड आहे. बोलपट अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दहा वर्षांच्या चिहिरोचे आईबाप सुरुवातीलाच अधाशासारखे खाऊन डुकरे होतात आणि ती बिचारी देवादिकांच्या स्नानगृहात नोकरीला लागते. तिथे तिचे अर्धे नावसुद्धा काढून घेतले जाते. नव्या पाहुण्याला एवढी गर्दी झेपत नाही. तो दुसऱ्या भेटीला ठेवा.

पहिल्या भेटीला माझा आग्रह १९८८ सालच्या ‘माझा शेजारी तोतोरो’चा. दीड तासाच्या आत आटोपतो. त्यात खलनायक नाही, लढाई नाही, म्हणावे तर गोष्टही बेताचीच. प्राध्यापक वडील सात्सुकी आणि मेई या दोन मुलींना घेऊन खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. घराशेजारी प्रचंड कापराचे झाड. त्या झाडाच्या पोटात तोतोरो राहतो, वाड्याएवढे गुबगुबीत जनावर. तो बोलत नाही, उपदेश करत नाही. बहुतेक वेळ झोपलेला असतो.

एका संध्याकाळी मुली पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट पाहत उभ्या आहेत. धाकटी पेंगते, थोरली तिला पाठुंगळी घेते. शेजारी तोतोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर पान धरून. मुलगी त्याला छत्री देते. छत्रीवर टपटप थेंब पडले की त्याला गंमत वाटते. बस्स, एवढेच, पण मी या प्रसंगासाठी तो बोलपट चार वेळा पाहिला आहे. मियाझाकींनी २००२ साली रॉजर एबर्ट या अमेरिकन समीक्षकासमोर टाळ्या वाजवून दाखवल्या आणि दोन टाळ्यांमधली जी मोकळी जागा, तिला जपानीत ‘मा’ म्हणतात असे सांगितले. आपल्या बैठकीतल्या गवयाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या घरात आई मात्र नाही. ती रुग्णालयात आहे. मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या क्षयाने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होती, तेव्हा ते शाळकरी होते. बोलपटात आजाराचे नावही घेतलेले नाही, पण हसण्याखेळण्याच्या खाली ती काळजी सारखी वाहत असते.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात मी पेचात पडलो होतो. शेजारच्या वहिनींची सून रुग्णालयात होती आणि सहा वर्षांची नात दिवसभर दाराकडे डोळे लावून बसे. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पोरीला काहीतरी दाखवा हो. जीव तरी रमेल.” आता या पोरीला आजारी आईची गोष्ट दाखवायची? जखमेवर बोट ठेवल्यासारखे नाही का होणार? दोन दिवस विचार केला आणि तोतोरोच लावला. बोलणे जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. मी आपला मराठीतून सांगू लागलो. दहा मिनिटांत तिने मला गप्प बसवले. तिला सगळे कळत होते.

पुढे चार वर्षांची मेई मक्याचे कणीस छातीशी धरून एकटीच आईकडे निघते आणि वाट चुकते, तेव्हा या पोरीने वहिनींचा पदर मुठीत आवळला. मी बोलपट बंद करायला उठलोच होतो. “नको,” ती म्हणाली. शेवटी कणीस रुग्णालयाच्या खिडकीत पोहोचते आणि नामावलीबरोबरच्या चित्रांत आई घरी परतलेली दिसते. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या कणसाचा डबा घेऊन आजी-नात रुग्णालयात गेल्या.

एक धोका सांगून ठेवतो. याच तोतोरोच्या जोडीने, एकाच खेळात, १९८८ साली ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ दाखवला जात होता. तो मियाझाकींचे सहकारी इसाओ ताकाहाता यांचा. त्यात युद्धात पोरकी झालेली भावंडे उपासमारीने मरतात. एकाच संस्थेचा म्हणून सणासुदीला मुलांपुढे लावाल तर घरात सुतक आल्यासारखे होईल. थोरांनी जरूर पाहावा, एकट्याने.

बाकीच्यांचे सांगायचे तर, वसतिगृहात राहायला निघालेल्या मुलीला ‘किकी’ दाखवा. तेरा वर्षांची चेटकीण परगावी जाऊन झाडूवरून सामान पोहोचवते आणि एके दिवशी तिला उडताच येईनासे होते. ‘प्रिन्सेस मोनोनोके’त हात-मुंडकी उडतात, तो मोठ्यांचा, पण जंगल तोडणारी एबोशीबाई महारोग्यांना आसरा देते, तेव्हा कोणाची बाजू घ्यावी हे ठरेना होते. ‘हाउल’ देखणा आहे, जरा पसरट.

‘द बॉय अँड द हेरॉन’ अगदी अखेरीस पाहावा. त्याचे मूळ जपानी नाव ‘तुम्ही कसे जगणार?’ असे आहे. सत्तेचाळीसाव्या वर्षी ज्याने आजारी आईला खिडकीशी हसत बसवले, त्यानेच ब्याऐंशीव्या वर्षी हा बोलपट रुग्णालयाच्या आगीने सुरू केला आहे. मुलगा जळत्या रस्त्यांतून धावत सुटतो. आत त्याची आई आहे, आणि या खेपेला ती घरी येत नाही.