मधपेटीतली फट

मधपेटीची मापे लाकडावरून नव्हे, माशीच्या अंगावरून ठरतात. अमेरिकेतील पाद्री लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हे ओळखले. साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माशा ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट राळेने बुजवतात, रुंद फटीत जादा पोळे बांधतात. पोळ्यांच्या चौकटी सुटसुटीत बसाव्यात म्हणून पेटी सढळ हाताने रुंद करणारा सुतार इथेच फसतो.

लँगस्ट्रॉथ पेटीतल्या दहा चौकटी प्रत्येकी ३५ मिलिमीटर धरल्या तर ३५० होतात. आतली रुंदी मात्र सुमारे ३७३. ही उरलेली जागा वाया गेलेली नसते. पहिली चौकट माशा न चिरडता उचलायला ती लागते, आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडालाही. तरीही चौकटी अडकल्या, तर आधी बाजूपट्ट्यांवरची राळ खरवडावी. बहुतेकदा दोष तिचाच असतो. मग हवा तर हलका रंधा मारावा, पण सगळ्या पट्ट्यांवर सारखाच. पेटीला हात शेवटी.

महाराष्ट्रातील सातेरी माशी अंगाने लहान, तिची पोळीही जवळजवळ असतात. युरोपीय माशीच्या मापाची ही पेटी तिला सैल पडते. राळ मात्र ती गोळा करत नाही, त्यामुळे तिच्या चौकटी सहज सुटतात.