मुराळी

महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्री नदी बराच वेळ सोबत करते. याच नावाची कथेतली सावित्रीही वाटेवरचीच. यमाच्या मागोमाग ती चालत गेली. आपण मात्र तिला वडाभोवती फेऱ्या घालायला लावले.

एका रविवारी महाडच्या कुटुंबात मिस्सा झाल्यावर सर्वांनी ‘झिम्मा’ लावला. हेमंत ढोमे यांच्या 2021 सालच्या या चित्रपटात निरनिराळ्या वयाच्या सात स्त्रिया इंग्लंडच्या सहलीला जातात. सुहास जोशी आणि निर्मिती सावंत यांना पाहून घरातल्या बायका मनमुराद हसत होत्या. मी मात्र सहल नेणाऱ्या कबीरकडे पाहत राहिलो. आपला जुना मुराळीच हा!

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येई, तो मुराळी. बाईचा रस्ता दोन घरांपुरता, तोही कुणाच्या तरी सोबतीने. या खोऱ्यातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. मागे शेती रेटली ती बायकांनी, तरी प्रवास पुरुषाचा आणि वाट पाहणे बाईचे, हीच वाटणी ठरली. 1991 साली ‘माहेरची साडी’ आला आणि अलका कुबल यांच्या सोशिक सुनेसाठी अवघा महाराष्ट्र रडला. त्याच वर्षी अमेरिकेत रिडली स्कॉट यांचा ‘थेल्मा अँड लुईस’ आला. त्यात एक गृहिणी नवऱ्याला न विचारता मैत्रिणीच्या गाडीतून निघते. पटकथेसाठी कॅली खौरी यांना ऑस्कर मिळाले. त्या दोघींची गाडी मात्र शेवटी दरीत जाते. एक घरात राहून सोसते, दुसऱ्या घर सोडून संपतात. ‘झिम्मा’तल्या बायका निदान परत येतात. त्यांची दुःखे जरा लवकरच मिटतात, हे खरे. पण हे परत येणे मला मोलाचे वाटले.

मी तरी कुठे निराळा? रूथ आणि नामी यांच्यावर मी कितीदा तरी प्रवचन केले, ते सासूसुनेच्या प्रेमावर. मवाबहून बेथलेहेमपर्यंत त्या दोघी विधवा पायी आल्या, यावर एक वाक्यही बोललो नाही.

2024 च्या अखेरीस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. पोलादपूर भागातल्या सात जणी निघाल्या. गाडी सात आसनांची. चालवणार त्यांच्यातलीच एक शिक्षिका. कशेडी घाट तिच्या रोजच्या सवयीचा. आशीर्वाद घ्यायला आल्या तेव्हा मी विचारले, “बरोबर पुरुष कोण आहे?”

त्यांनी एकमेकींकडे पाहिले. कुणी वाद घातला नाही. एकीचा 19 वर्षांचा भाचा बरोबर घेण्यात आला. त्याला गाडी चालवता येत नव्हती आणि कशेडी ओलांडताच तो झोपला, असे मागाहून कळले. त्याच्यासाठी जागा रिकामी केली ती सर्वांत वडील बाईने. त्यांचे वय 78.

‘झिम्मा’ पाहिल्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. विषय काढायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. “फादर, तुम्ही विचारलंत ते काळजीपोटीच ना,” त्या म्हणाल्या आणि इतरांनी गोव्याहून आणलेली जपमाळ दाखवायला आत गेल्या. हा सोहळा दहा वर्षांनी येतो. त्या बाहेर येईपर्यंत मी 2034 सालचे त्यांचे वय मोजत बसलो होतो.