वारा अडवावा, हवा नव्हे

कर्नाटकातील थंडी म्हटली, की दूरच्या वाचकांना कोडगूचे धुके आठवते; बीदर सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फूट उंचीचे हे जांभ्या दगडाचे पठार. येथे हिम पडत नाही. पण मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, आणि पहाटे पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो. काही वर्षी पारा १० अंशांखाली उतरतो. माणसे शेकोटीभोवती सरकून बसतात. दाव्याला बांधलेल्या जनावराला मात्र जागा बदलता येत नाही. त्याचा आडोसा आपणच करावयाचा असतो.

भालकी तालुक्यातील आमच्या गोठ्यात देवणी गाई आहेत. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी आणि औराद इकडे राहिले. गाईंची वानेरा, बाळंक्या, शेवरा ही नावे मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस तीच राहिली. ही जात मोठी काटक. थोराड गाय थंडी सोसते; घोर लागतो तो नुकत्याच जन्मलेल्या वासराचा. ओल्या अंगाला वारा लागला, की त्याची ऊब पाहता पाहता जाते. गारठलेले वासरू आचळाला तोंड लावीत नाही. आणि चीक पोटात गेला नाही, तर ना अंगात ऊब येते, ना रोगाशी झुंजण्याचे बळ. म्हणून पहाटे गाय व्याली, की आमच्या घरी आधी वासराला कोरड्या गोणपाटाने पुसतात आणि तासाभरात चीक पाजतात. चहाचे आधण मागाहून चढते.

गोठ्याला पूर्वेकडून आम्ही तुराट्यांचा कूड घालतो. कलबुर्गी-बीदरचा हा मुलूखच तुरीचा. तेव्हा तुराट्यांना तोटा नाही. उभ्या वासराच्या उंचीइतका कूड शेणमातीने लिंपावयाचा, वरचा भाग विरळ ठेवावयाचा. सलग पत्र्यावर आदळलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा उतरतो; विरळ कुडातून तो गाळून, मंदावून येतो. खाली कोरड्या भुसकटाचा जाड थर असावा आणि ओला झालेला भाग रोज काढावा. ओल्या जमिनीवर बसलेल्या जनावराला कुडाचा काय उपयोग?

मायेच्या भरात गोठा चहूबाजूंनी बंद करणे हेही घातकच. ओळखीच्या एका घरी प्लॅस्टिकचे कापड लावून फट म्हणून ठेवली नव्हती. सकाळी आत शिरताच मुताच्या उग्र वासाने डोळ्यांना पाणी आले. श्वासांची वाफ पत्र्याला लागून थेंब थेंब वासरांच्या पाठीवर गळत होती. चार दिवसांत दोन वासरे खोकू लागली. गुरांच्या डॉक्टरांनी औषध देण्याआधी ते कापड वरून हातभर खाली ओढावयास लावले. वारा अंगावर येऊ नये, पण कोंडलेली हवा छपराखालून निघून जावी, एवढेच तारतम्य राखावयाचे.

येळवशीला आपण रानात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा मांडतो. कोप बांधता येणाऱ्या हातांना कूड काही अवघड नाही. आमच्याकडे त्या सणाच्या आधीच तो बांधून होतो. चार मोळ्या तुराट्या, दोन घमेली शेणमाती आणि एका दुपारचे श्रम, एवढ्याने एखादे वासरू उन्हाळा पाहते.