माझे भूशास्त्र

बारावीचा निकाल लागल्यावर मी पदवीसाठी भूशास्त्र हा विषय निवडला, तेव्हा आमच्या घरी त्या बातमीचे जे स्वागत झाले ते आठवले की मला आजही हसू येते. डॉक्टर होणे, इंजिनिअर होणे, निदान मास्तर होणे, या गोष्टी चंद्रपुरात सर्वांना समजत. दगडांचा अभ्यास करून मनुष्य शेवटी काय होतो हे मात्र कोणालाच सांगता येईना. मामांनी तर सरळ विचारले, "भूगोलात काही नापास झाला नव्हता ना तू? मग तोच विषय पुन्हा कायले घेतला?" भूगोल आणि भूशास्त्र यांतला भेद मी त्यांना चांगला अर्धा तास समजावून दिला. तो शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे भूगोलच, पण जमिनीच्या खालचा." पुढे तीन वर्षांत मी बरीच जाडजूड पुस्तके चाळली, परंतु आमच्या शास्त्राची इतकी सुटसुटीत व्याख्या मला एकाही ग्रंथात आढळली नाही.

वडील मात्र काहीच बोलले नाहीत. ते कोळशाच्या भुयारी खाणीत कामाला होते, आणि जमिनीच्या खालचा भूगोल त्यांना रोजचाच होता. रात्री जेवताना त्यांनी एवढेच विचारले, की हे शिक्षण घेतले म्हणजे खाली उतरावे लागते, की वर बसता येते? मी म्हणालो, "वर." त्यांना बरे वाटलेसे दिसले.

पहिले वर्ष नीरस गेले हे कबूल केले पाहिजे. लाकडी ठोकळ्यांवरून स्फटिकांचे प्रकार ओळखायचे, नख, तांब्याचे नाणे आणि चाकू यांनी ओरखडे काढून खनिजांचा कठीणपणा ठरवायचा, आणि कालखंडांची नावे घोकायची. ही नावे म्हणजे परक्या मुलखातील गावगाड्याची यादीच होती. वेल्सच्या जुन्या नावावरून कँब्रियन, इंग्लंडातील डेव्हनवरून डेव्होनियन, रशियातील पर्मवरून पर्मियन. जगाच्या पोटातील सगळा इतिहास युरोपात घडला आणि आम्ही तो फक्त पाठ करावयाचा, अशी माझी समजूत होत चालली होती. अशात एके दिवशी अध्यापकांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, 'गोंडवाना', आणि वर्गात मागच्या बाकावर बसलेला एक गोंड मुलगा एकदम ताठ बसला.

भारताच्या भूसर्वेक्षण खात्यातील मेडलिकट यांनी १८७२ च्या सुमारास आपल्याकडील कोळशाच्या थरांना आणि त्यांच्या सोबतच्या खडकांना गोंडांच्या देशावरून हे नाव दिले. पुढे १८८५ मध्ये एडुआर्ट झ्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने तेच नाव उचलून एका सबंध लुप्त खंडाला लावले. हिंदुस्थान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका ही सारी एकेकाळी एकत्र होती असे आज जे आपण मानतो, त्या महाखंडाचे नाव गोंडवाना. त्याची खूण म्हणजे ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाचे जिभेच्या आकाराचे पान. हे पान आमच्या वर्धा खोऱ्यातल्या थरांत सापडते. आणि १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मेले, तेव्हा त्यांच्याजवळच्या सुमारे सोळा किलो दगडांतही तेच पान होते. उपासमारीने पाय ओढत चाललेल्या माणसांनी ते ओझे टाकले नाही. हा प्रसंग ऐकल्यावर माझ्या मनातील सारी नीरसता गेली. मागच्या बाकावरचा तो मुलगा तास संपल्यावर मला म्हणाला, "आमचं राज्य फक्त चांद्यापर्यंत होतं असं वाटत होतं राव!" (२०११ साली गडचिरोलीला विद्यापीठ झाले आणि त्याला गोंडवाना हेच नाव मिळाले, तेव्हा मला प्रथम त्याचीच आठवण झाली. आमच्या वेळी पदवी नागपूरची असे.)

दुसऱ्या वर्षी आमची सहल इरई गावाला गेली. चंद्रपूरच्या पश्चिमेस नैर्ऋत्येकडे, पैनगंगेच्या काठी हे गाव आहे. तेथे नदीच्या पात्रात चुनखडकाचा एक पृष्ठभाग उघडा पडला आहे. कोणी पाथरवटाने महिनाभर घासावा तसा तो गुळगुळीत, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले सरळ ओरखडे. त्यावरच्या थरात लहानमोठे धोंडे चिखलात वाटेल तसे रुतलेले. १८७० च्या दशकात ओल्डहॅम आणि फेडन यांनी ही जागा पाहिली आणि तीवरून निघणारा अर्थ जगापुढे मांडला: सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी येथे हिमनदी वाहत होती! पोटात धोंडे घेऊन ती या खडकावरून सरकत गेली, आणि त्या धोंड्यांनी हे ओरखडे काढले. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसाच्या घरात जातो, जेथे दुपारी रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नाही, तेथे बर्फ! आम्ही गेलो तो मार्च महिना होता. खडक इतका तापला होता की त्यावर हात ठेवून ओरखड्यांची दिशा होकायंत्राने मोजणे ही एक शिक्षाच होती. एकजण भाजलेला तळहात झाडीत म्हणाला, "सर, बर्फानं चटका बसला." अध्यापकही हसले. मी मात्र किती तरी वेळ त्या ओरखड्यावरून बोट फिरवीत बसलो होतो. जटपुरा दरवाजाची तटबंदी म्हणजे आमच्या गावची जुन्यातली जुनी वस्तू, असे मी लहानपणापासून मानीत आलो होतो. आणि येथे नदीत, कोणाचेही लक्ष नसलेली, हिमयुगाची सही पडलेली होती.

त्याच वर्षी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक निजले होते; हजारो माणसे घरांच्या दगडी भिंतींखाली गेली. दक्षिणेचे पठार म्हणजे स्थिर, अढळ भूमी, असे आमच्या पुस्तकांत छापलेले होते. कोयनेचा १९६७ चा भूकंप झाल्यावरही तो धरणाचा अपवाद म्हणून बाजूस ठेवण्यात येई. त्या एका सकाळी पुस्तकातले ते वाक्य खोडावे लागले. गल्लीत मात्र माझी प्रतिष्ठा एकाएकी वाढली. जो तो मला विचारी, "आपल्याकडे कधी होईल?" मी सांगे, की भूकंपाचा दिवस आणि वेळ कोणालाही आधी सांगता येत नाही. यावर लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटे त्याचा अर्थ स्पष्ट होता: मग शिकतोस तरी काय?

शेवटच्या वर्षी भूभौतिकीचा थोडा परिचय झाला. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घणाचा घाव घालावयाचा, ठरावीक अंतरांवर रोवलेल्या यंत्रांनी तो हादरा टिपावयाचा, आणि लहर किती वेळात पोचली यावरून खाली माती किती, खडक किती, हे काढावयाचे. भुसभुशीत मातीत ही लहर सेकंदाला काही शे मीटर जाते, घट्ट खडकात काही हजार. मी घरी येऊन हे मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, तेव्हा वडील जेवता जेवता थांबले. म्हणाले, "म्हणजे ठोकून ऐकता." मग त्यांनी मला प्रथमच त्यांच्या कामाविषयी सांगितले. खाली गेल्यावर आधी पहारीने छत ठोकायचे. खणखणीत बोलले तर कामाला लागायचे. पोकळ, ढब असे बोलले तर तेथे उभेही राहायचे नाही. टेकू लाकडाचाच बरा, कारण दाब आला की तो आधी कुरकुरतो. लोखंड न सांगता जाते. एकदा ठोकायचा आळस केलेल्या माणसाला बाहेर काढायला ते स्वतः गेले होते. त्याचे नाव त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. सत्तावीस वर्षे हा मनुष्य भूभौतिकी करीत होता आणि परीक्षा रोज होती; आमची वर्षातून एकदा असे.

आमचे अध्यापक एक गोष्ट फार हळहळून सांगत. १८८२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे लोखंड उत्तम, आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा. पोलादाचा कारखाना येथेच व्हावयाचा. पण वरोऱ्याचा कोळसा तपासात उतरला नाही. वीस वर्षांनी दोराबजी टाटा आणि वेल्ड हे पुन्हा या रानांत हिंडले, तेव्हाही मनाजोगे काही मिळाले नाही. निराश होऊन दोराबजी नागपूरला आले, एका अधिकाऱ्याची वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथे टांगलेल्या भूशास्त्रीय नकाशावर त्यांना दुर्गकडील लोखंड दिसले. त्या धाग्याने पुढे प्रमथनाथ बोस, मयूरभंज आणि शेवटी जमशेदपूर. "आपल्या हातचे गेले!" असे म्हणून अध्यापक खडू ठेवीत. मलाही तेव्हा तसेच वाटे.

पदवी मिळाल्यावर काही महिने मी एका सर्वेक्षण पथकाबरोबर मदतनीस म्हणून एटापल्लीच्या रानात होतो. सूरजागडच्या बाजूचे लोहखनिज कसे आहे हे मला माहीत होते. पट्ट्यापट्ट्यांचा, लालकाळा, हातात घेतला की वजनाने चकित करणारा तो दगड. एका दुपारी गावाबाहेर झाडाखाली उभा असलेला एक दगड मला वेगळ्या जातीचा वाटला. आतला ताजा भाग पाहिल्याखेरीज खडक ओळखू नये, हा आमचा पहिला धडा. मी हातोडा उगारला, आणि आमच्या माडिया वाटाड्याने माझे मनगट धरले. त्याच्या हाताला कंप होता. तो त्यांच्या मृताच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड होता. शेजारी आणखी किती तरी होते; मला ते दिसत होते, पण मी त्यांना खडक म्हणूनच पाहत होतो.

त्या गावातील एका वृद्धाने मग वाटाड्याकरवी मला विचारले, "दगड नेणार काय?"

"नाही, नुसते पाहून जाणार."

वृद्ध माडियात काही बोलला. वाटाड्या सांगायला कचरत होता. शेवटी म्हणाला, "ते म्हणतात, आधी पाहणारेच येतात."

मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर वीसेक वर्षांनी सूरजागडच्या डोंगरावर खाणकाम सुरू झाले; २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथे सत्तरांहून अधिक गाड्या जाळल्या; तरी पुढे काम वाढलेच. तेथे ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात. रोजगार मिळालेले तरुणही मी पाहिले आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. कोळशाच्या पगारावर माझे स्वतःचे शिक्षण झाले आहे. परंतु अध्यापकांची ती हळहळ मात्र मला पुन्हा कधी वाटली नाही. मी पुढे पाण्याकडे वळलो. चार सळया जमिनीत रोवून, वीज सोडून, विहीर कोठे घ्यावी हे सांगणे, आणि लागलेल्या पाण्यात फ्लोराइड किती आहे ते तपासून घेणे, हे काम मी आजवर करीत आलो. त्यातही चुका झाल्या. दोन गावांनी माझ्या सांगण्यावरून कोरडी भोके पाडली आणि ती अजून मला दाखवतात.

वडील निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात मी त्यांना इरईला नेले. पात्र कोरडे होते. मी त्यांना बर्फाची सारी हकीकत सांगितली, तीस कोटी वर्षे सांगितली. त्यांनी वाकून ओरखड्यांवरून हात फिरवला. मग हातातली काठी उलटी धरून तिच्या मुठीने त्या खडकावर दोनतीनदा ठोकले आणि मान कलती करून ऐकले.

"चांगला आहे," ते म्हणाले. "याच्याखाली उभं राहता येईल."