साखळी

व्यायाम म्हटलं की लोक दंड, छाती आणि आरसा एवढंच बोलतात. आमच्या वस्तीत आरसा टीचभर. त्यात छाती मावायची नाही. आमची मेहनत पोटासाठीच झाली. पेणच्या बाजूला मिठागरं, रोह्याच्या बाजूला धाटावच्या कारखान्यांतली हमाली. अंग झिजलं, पण त्याला कुणी कसरत म्हटलं नाही.

गावची तालीम देवळाला लागून होती. म्हणजे आम्हाला बंद. मग भातकापणी झाली की बौद्धवाडीतली पोरं मोकळ्या शेतात उतरायची. हुतुतू. ह्याला पैसा लागत नाही, बूट लागत नाहीत. राखेनं आखलेली रेघ आणि दोन्हीकडं सात-सात पोरं.

चढाईला गडी एकटा जातो, पण पकड एकट्याच्यानं होत नाही. कोपऱ्यातला घोटा धरतो, बाकीचे साखळीचा हात न सोडता पुढं येतात. हात सुटला की गडी रेघेवर पोचलाच. आणि आपला एक बाद झाला, तर बाकीच्यांनी समोरचा मारला की तो परत आत येतो. बाद झालेला कायमचा मेलेला नसतो.

बाप म्हणायचा, "एकट्यानं जोर मारून काय व्हनार? मारायला गाव जमून येतो."

१९२७ साली ह्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्चला आपली माणसं एकत्र चवदार तळ्यावर गेली. पाणी प्याली. मागाहून मार खाल्ला. तरी डिसेंबरात परत महाडला जमली. समता सैनिक दल त्याच काळातलं. पलटणीतून परतलेली माणसं आपल्यात होती, कवायत त्यांच्या अंगात मुरलेली. एका पावलानं चालणाऱ्याला शेजारच्याचं पाऊल ऐकू येतं. भीती तिथंच निम्मी होते.

२०१० च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठात वल्ही मारणाऱ्या पोरांवर प्रयोग झाला. यंत्रावर तीच मेहनत, एकदा एकट्यानं, एकदा जोडीदारांबरोबर. मग दंडाला पट्टा आवळून बघितलं, दुखणं कितपत सोसतात. बरोबरीनं मेहनत केल्यावर जास्त सोसलं. महाडच्या माणसांना हे यंत्राशिवाय ठाऊक होतं.

पण नुसतं अंगाला अंग लागून माणूसपण येत नाही. गावच्या संघाला बक्षीस पाहिजे असतं, तेव्हा आमचा गडी चालतो. मैदानात त्याच्या कमरेला मिठी मारतात. रात्री पंगत बसली की तो कडेला. मी तसा बसलेलो आहे. ढाल मधे ठेवलेली, माझ्या पुढ्यात वेगळा पेला.

म्हणून म्हणतो, आधी आपली साखळी बांधा. तिच्यात पोरी पाहिजेत. डोक्यावर हंडा घेऊन टेकाड चढणाऱ्या पोरीला दम शिकवावा लागत नाही. तिला मैदान द्यावं लागतं, आणि ते आपणही अजून दिलेलं नाही.

विहारापुढचं अंगण पहाटे पाचला रिकामं असतं. या. येताना बहिणीला हाक मारा.