स्थापनेची तारीख

तालुक्यातल्या किती शाळांच्या खिडक्यांना तुमच्या हाताची जाळी आहे, असं विचारलं की आमचे अप्पा बोटं मोजायला लागतात. दहा बोटं संपली की नुसते हसतात. ग्रामपंचायतीचं गेट, दवाखान्याचा कठडा, पाण्याच्या टाकीची शिडी, सगळं काम सरकारी. घाम अप्पांचा अन् बिल ठेकेदाराचं. लोह्यात नांदेड-लातूर रस्त्यावर आमचं पत्र्याचं दुकान. ठेकेदार यायचा, माप सांगायचा, टेम्पो लावून माल न्यायचा. मजुरी तुकड्या-तुकड्यानं मिळायची. उद्घाटनाच्या पाटीवर अप्पांचं नाव असावं, अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. पण ते बिलाच्या कागदावरही कधी नव्हतं.

धाकटा भाऊ आयटीआय करून आला तेव्हा त्याची पुण्याकडं जायची पिशवी भरलेली होती. अप्पा म्हणाले, "दुकान हाय की. कामून जायलास?"

"दुसऱ्याच्या नावानं मी काम करणार नाही. आपल्या नावानं टेंडर भरायचं असंल तर थांबतो."

घरात कागद वाचणारा मीच, म्हणून कागद माझ्याकडं आले.

पहिली पायरी उद्यम नोंदणीची. 1 जुलै 2020 पासून ही पद्धत सुरू झाली. पैसा लागत नाही, कागद जोडावा लागत नाही. तरी एका एजंटानं दोन हजार सांगितले. मी घरीच मोबाईलवर बसलो. पण आधारावर अप्पांच्या नावाला 'राव' लागलेलं अन् पॅनकार्डावर ते नुसतेच. जन्मभर त्यांना राव कुणी म्हणलं नव्हतं. आता त्या दोन अक्षरांपायी फॉर्म पुढं सरकेना. पॅनकार्ड दुरुस्त होऊन यायला महिना गेला. जुन्या कागदांवर लोहा कंधार तालुक्यातलं, नव्यावर लोहा हाच तालुका. गाव तिथंच, पत्ते दोन.

मग रकाना आला, व्यवसाय सुरू झाल्याची तारीख. मी विचारलं.

"किल्लारीचा भूकंप झाला ना, त्या वर्षी. माळेगावच्या जत्रंच्या आधी."

भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. अप्पा तेव्हा तिकडं पत्र्याची शेड उभी करायला रोजंदारीवर गेले होते. त्या मजुरीत त्यांनी जुनं वेल्डिंग मशीन घेतलं. म्हणजे आमचं दुकान सरकारी कामाच्या मजुरीतूनच उभं राहिलेलं. फॉर्मला एवढं नको होतं, त्याला फक्त दिवस, महिना, वर्ष पाहिजे होतं. जत्रेच्या आधीचा दिवस धरून टाकला.

"पुरावा काय लावलास?" अप्पांनी विचारलं.

"काहीच नाही. आपण सांगितलं तेच धरतेत."

"निस्त्या तोंडावर?" रेशनकार्डापासून पीकविम्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी पुरावा दिलेला माणूस. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पुढं जीएसटी नंबर, मग 'जेम'वर विक्रेता म्हणून नाव. केंद्र सरकारची कार्यालयं 2016 पासून या पोर्टलवर खरेदी करतात. इथं मला एक गोष्ट कळली, जी ठेकेदारानं कधी सांगितली नव्हती. केंद्राचं 2012 चं खरेदी धोरण आहे. त्यात नोंदणी झालेल्या लहान उद्योगाला निविदेचा फॉर्म फुकट अन् बयाणा रक्कम माफ. केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतली 25 टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची. आम्ही समजत होतो टेंडर म्हणजे लाखाची अनामत असलेल्याचा खेळ.

पण सवलत म्हणजे काम नव्हे. पहिल्या बोलीत लोखंडी पलंग होते. आम्ही तिसरे आलो. दुसऱ्या बोलीत तीन वर्षांचा अनुभव मागितला. तीस वर्षांचा अनुभव शेजारीच खुर्चीवर बसलेला. पण त्याच्या सगळ्या पावत्या दुसऱ्याच्या नावावर. भाऊ चिडला, पिशवी परत काढली. अप्पांनी काही न बोलता पत्र्याचे भाव लिहायला घेतले. तिसऱ्या बोलीत एका कार्यालयाची वीस रॅकची ऑर्डर मिळाली. वाहतूक धरून फार काही उरणार नव्हतं. अप्पांनी प्रत्येक वेल्ड स्वतः घासलं.

माल पोचला अन् पैसे अडकले. 2006 च्या कायद्यानं लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. साठ दिवस झाले तेव्हा भावानं या कलमाचा उल्लेख करून पत्र टाइप केलं. अप्पा घाबरले, "सरकारशी भांडायलाव का रं आपण?"

"भांडण नाही अप्पा. बिल आपलं हाय, आपणच मागावं लागतंय."

पत्र गेल्यावर आठवडाभरात पैसे जमा झाले. व्याज मिळालं नाही. ते मागायला 'समाधान' नावाचं पोर्टल होतं, पण अप्पांनी हात जोडले. ठेकेदारानं तर कधी चार-चार महिने लावले होते, अन् तेव्हा कुठलं कलम दाखवायचं हेही ठाऊक नव्हतं. त्या वेळी आमच्याजवळ कागदच नव्हता.

भाऊ अजून लोह्यात आहे. पिशवी माळ्यावर गेली, रिकामी केलेली नाही. अनुभवाच्या रकान्यात आता एक ओळ भरता येते, वीस रॅक. त्याच्या आधीची तीस वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची, ते मात्र अजून कुठल्याच पोर्टलवर सापडलेलं नाही.